चौदा हजारांचा रॉड आणि साठ रुपयांची पावती

२०२४ च्या नोव्हेंबरात आठवीतल्या लेकाने सहामाहीचा निकाल पुढ्यात ठेवला आणि कबूल केलेलं बक्षीस मागितलं. मला वाटलं बॅट मागेल. त्याने मागितला फिशिंग रॉड. आमच्या इंदूरच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही, धरणं तर लांबच. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कुठे धरणार रे, सराफ्यात?"

हे सगळं लिहून ठेवतेय, कारण तेव्हा मला मराठीत काहीच सापडलं नव्हतं. जे सापडलं ते समुद्राचं, नाहीतर परदेशातलं. आणि प्रत्येक जण पहिल्या दोन मिनिटांत ब्रँडवर येत होता.

पुण्याच्या मामेदिरांना फोन केला. ते सुट्टीत कोकणात जाऊन गळ टाकतात. म्हणाले, "वहिनी, पहिल्यापासून चांगलं घ्या. स्वस्त घ्याल आणि दोनदा घ्याल." रॉड, रील (काठीवरची दोरी गुंडाळायची चकरी), दोरी मिळून त्यांचा हिशेब चौदा हजारांवर गेला. रीलवर ज्या जपानी कंपनीचं नाव होतं तेच लेकाच्या सायकलच्या गिअरवर आहे. शिमानो. १९२१ मध्ये साकाई शहरात सायकलच्या फ्रीव्हीलपासून यांची सुरुवात झाली, रील नंतर आलं. हे वाचून लेक भलताच खूश झाला, मी मात्र किंमत पाहून साइट बंद केली. शेवटी १,२९९ रुपयांचा एक किट मागवला. सात फुटांची दुमडणारी काठी, रील, दोरी आणि प्लास्टिकच्या डबीत शंभरावर चिल्लर वस्तू. २७ नोव्हेंबरला घरी आला. त्या शंभरातल्या कामाच्या आठ निघाल्या.

सामान आलं, आता बसायचं कुठे? मी समजत होते, तलाव आहे म्हणजे कडेला बसावं. शाळेतल्या एका सहकाऱ्याने वेळेवर थांबवलं म्हणून बरं. सिरपूर तलाव घराजवळ, यशवंत सागरही फार लांब नाही, पण दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेले. तिथे लोक दुर्बीण घेऊन जातात. गळ घेऊन जायचं माझ्या मनाला पटेना.

३ डिसेंबरला मत्स्य विभागाच्या कार्यालयात गेले. "साहब दौरे पे हैं, गुरुवार को आओ." गुरुवारी, ५ तारखेला, दोन तास बाकावर बसल्यावर एका बाबूंनी शांतपणे समजावलं. गावोगावचे तलाव सरकारचे असले तरी ते पंचायतींकडे दिलेले असतात. १० हेक्टरपर्यंत ग्रामपंचायत, १०० पर्यंत जनपद (म्हणजे तालुका पातळीची) पंचायत, १,००० हेक्टरपर्यंत जिल्हा पंचायत. पंचायत तो मच्छीमारांच्या समितीला पट्ट्यावर देते. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज समिती स्वतःच्या पैशाने सोडते, म्हणजे पाण्यातला मासा हे तिचं पीक. दुसऱ्याच्या शेतात शिरून कणसं तोडावीत तसं ते होईल. मी सांगितलेल्या तलावासाठी त्यांनी समितीच्या सचिवांना भेटायला सांगितलं.

तलाव खंडवा रोडच्या बाजूला, घरापासून सतरा किलोमीटर. नाव लिहीत नाही, समितीने गर्दी नको म्हणून सांगितलंय. सचिव किराणा दुकानात भेटले. साध्या कागदावर हिंदीत अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. मी फोटो एकच नेला होता. परत घरी, परत गाव. अर्जात "मनोरंजन हेतु, एक कांटे से" असं स्पष्ट लिहा; मी आधी नुसतं "मछली पकड़ने की अनुमति" लिहिलं होतं, तर जाळं टाकणार का इथपासून चौकशी झाली. ८ डिसेंबरला अर्ज दिला, १९ ला होकार आला. अकरा दिवस. अटी अशा: एका काठीला दिवसाचे ६० रुपये, पावती खिशात हवी, दोन किलोच्या वर मासा न्यायचा नाही, सूर्यास्ताआधी उठायचं, पाण्यात उतरायचं नाही. लेकासाठी शेजाऱ्यांचं लाइफ जॅकेट मागून नेलं. तो लाजला, पण मी सोडलं नाही. तलावाचा काठ मुरमाचा होता आणि दोन पावलांवर एकदम खोल.

पहिला रविवार २२ डिसेंबर. पहाटेची थंडी अशी की बोटं वाकेनात. किटमधली दोरी रीलवरून सुटली ती स्प्रिंगसारखी वेटोळी. पहिल्या तासात तीनदा गुंता झाला आणि दोनदा गळच दोरीतून निसटून पाण्यात गेला. मी इंटरनेटवर पाहिलेली गाठ मारली होती, घट्ट ओढली होती, तरी गेला. पाच तासांत एकही मासा नाही. २९ तारखेलाही नाही. आता कळतं की थंड पाण्यात रोहू-कटला सुस्त असतात, खातात कमी. डिसेंबर हा शिकायला सगळ्यात वाईट महिना. तेव्हा मात्र आम्ही दोघांनी एकमताने दोष काठीला दिला. १,२९९ मध्ये काय येणार?

आणि मग योग असा आला की ११ जानेवारीला मामेदीर एका लग्नासाठी इंदूरला आले, आपला चौदा हजारांचा संच सोबत घेऊन, आणि पुढच्या तीन आठवड्यांसाठी तो आमच्याकडे ठेवून गेले. त्यांची पुढची कामं आधी मुंबईला होती, सामान वाहायचं नव्हतं. मी तो हातात घेतला आणि मान्य केलं, फरक आहे. रील फिरवलं तर आवाज नाही. काठी इतकी हलकी की मनगट दुखत नाही. आणि फेक! दोरीला वजनासाठी लावलेलं, किटच्या काठीने जेमतेम पंधरा-वीस पावलं जाणारं शिसं आता तलावाच्या मध्याकडे जायला लागलं. लेक टाळ्या वाजवायचा.

१२, १९ आणि २६ जानेवारी. तीन रविवार. मासे शून्य.

शून्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण खरं काय ते तिथेच कळलं. त्या रीलवर वेणीची दोरी होती, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, ब्रेडेड म्हणतात ती. मजबूत, पण गुळगुळीत. माझी गाठ नायलॉनवरच धड टिकत नव्हती, हिच्यावर तर साबणासारखी घसरली. चार गळ गेले. एकदा अडकलेली दोरी हाताने ओढली तर तर्जनी कापली. (वेणीची दोरी कधीही बोटाला गुंडाळून ओढू नका, काडीला गुंडाळा.) आणि ती लांब फेक, जिचं आम्हाला एवढं कौतुक, ती माशांच्या डोक्यावरून जात होती.

हे मला सांगितलं आमच्यापासून वीस पावलांवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्यांनी. समितीचे जुने सदस्य, दर रविवारी यायचे. त्यांच्याकडे रील नव्हतंच. बांबूची काठी, टोकाला बांधलेली दोरी, मोरपिसाच्या दांड्याचा बोया, म्हणजे मासा लागला की हलणारी, पाण्यावर तरंगणारी खूण. बसायचे त्या जागी काठापासून तीन हातांवर पाणगवत होतं, आणि त्याच्या कडेलाच त्यांचा बोया. २६ तारखेला त्यांनी चार मासे काढले. मी न राहवून जाऊन उभी राहिले. ते माझ्या रॉडकडे बघेनात. दोरीचं टोक दोन नखांच्या चिमटीत धरून सरकवलं. मग घरून आणलेली किटची काठी मागितली आणि तिचीही दोरी तशीच तपासली. म्हणाले, "बाई साब, काड़ी तो कैसी भी चल जाएगी, डोर ताज़ी होना. ये तो पेली से मरी हुई है."

मेलेली दोरी म्हणजे काय, ते त्यांनी दाखवलं. नखाला खरखर लागली की तिथे ती सोलली आहे. उन्हात, दुकानाच्या काचेत महिनोन्‌महिने पडलेलं नायलॉन कमजोर होतं आणि रिळावरची वेटोळी विसरत नाही. कोकणातली माझी एक मावशी या दोरीला तंगूस म्हणते; तिलाही विचारलं, तिने हेच सांगितलं, वर्षाला बदलायची. मग गळ. अंगठ्याच्या नखावर गळाचं टोक हलकेच टेकवून ओढायचं. टोक नखात रुतून थांबलं तर धार आहे, घसरलं तर बोथट. आमच्या किटमधले वीसपैकी सतरा घसरले! शिवाय ते आकाराने केवढे. गळाच्या नंबरांचं गणित उलटं असतं हे मला, गणिताच्या बाईला, तोवर माहीत नव्हतं: नंबर जेवढा मोठा, गळ तेवढा बारीक. १ नंबरच्या पुढे मोठे गळ मात्र १/०, २/० असे चढत जातात. किटमध्ये २/० होते. तलावातल्या पाव-अर्धा किलोच्या माशाला ८ किंवा १० नंबर पुरतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मामेदिरांचा संच कुरियरने परत पाठवला आणि सियागंज बाजारात गेले. दोऱ्या, ताडपत्र्या आणि जाळी विकणाऱ्या एका दुकानात ०.२८ मिलिमीटरची नायलॉन दोरी मिळाली, शंभर मीटर, २६० रुपये. खोक्यात बंद असलेलं रीळ मागितलं, काचेतलं नको म्हटलं. गळ मात्र मी ब्रँडचेच घेतले. मुस्ताद, नॉर्वेची कंपनी, १८७७ पासून गळ बनवतेय. दहा गळ ११० रुपये. दहाही नखावर थांबले. शिसं आणि दोन बोये ६० रुपये. लेकाला ७० रुपयांची बांबूची काठी केली.

गाठही नव्याने शिकले. पालोमार म्हणतात. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायची, दुहेरीचीच साधी गाठ सैल मारायची, उरलेल्या फासातून अख्खा गळ काढून घ्यायचा आणि ओढण्याआधी थुंकी लावायची. किळस वाटली तरी लावायची. कोरडी दोरी आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. आधीच्या माझ्या गाठी बहुधा याच कारणाने जात होत्या. रिळावर दोरी काठोकाठ भरायची नाही, कडेपासून दोनेक मिलिमीटर कमी ठेवायची. आणि फेकल्यावर रीलची तारेची कमान हँडल फिरवून आपटायची नाही, हाताने पाडायची. या दोन गोष्टींनी गुंता निम्म्याहून कमी झाला.

आमिषाचा किस्सा वेगळाच. म्हातारे काका कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि भिजवलेले पोहे मळून गोळा करायचे. पोहे ऐकून लेक म्हणाला, इंदूरचेच मासे! त्यात चिमूटभर हिंग. पुढचे दोन महिने सासूबाई हिंगाची डबी कोण पळवतं म्हणून शोधत होत्या. हे त्या वाचणार नाहीत अशी आशा आहे.

९ आणि १६ फेब्रुवारीलाही काही नाही, पण बोया हलला, दोनदा बुडला. १६ ला लेकाने जाहीर केलं की त्याला कंटाळा आला. मी रागावले नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी हायसं वाटलं. तो सोबत असला की सारखं लक्ष काठावर ठेवावं लागायचं. २३ तारखेला एकटी गेले. त्याच १,२९९ च्या काठीने, पण नवी दोरी, नवा गळ, आणि पाणगवताच्या कडेला तीन हातांवर. साडेनऊला बोया आडवा झाला, मग सरळ खाली. बाहेर आला तो तळहाताएवढा तिलापिया. मी ओरडले. काकांनी वळून पाहिलं आणि परत आपल्या बोयाकडे पाहू लागले.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. तिलापिया बाहेरून आलेला, समितीला नको असलेला मासा, म्हणून तो काकांच्या पिशवीत गेला. मार्चमध्ये तीन रविवारी मिळून सात मासे मिळाले, त्यात साधारण सहाशे ग्रॅमचा एक मृगळ. नवरा म्हणाला, खायचे नाहीत तर कशाला? मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

इथपर्यंत मी मामेदिरांना फोनवर थोडं ऐकवत होते, की पाहा, तुमच्या चौदा हजारांवाचून चाललं. १३ एप्रिलला माझीच बोलती बंद झाली. सकाळी काहीतरी जड लागलं. किटच्या रीलला ड्रॅग नावाची चकती आहे. मासा जोरात ओढू लागला की दोरी तुटण्याआधी रीलने ती थोडी थोडी सोडायची, हे तिचं काम. ती सोडेचना, मग एकदम झटक्याने सोडली, मग परत अडकली. तेवढ्यात हँडल उलटं फिरायला लागलं. टक्क. दोरी गेली. काका म्हणाले कटला होता, चार-पाच किलोचा. तो नसेलही तेवढा, पण तळ्याकाठी असंच मोजतात.

घरी येऊन काठी तपासली. टोकाच्या कडीतून कापसाचा बोळा ओढून पाहा, कडीला बारीक चीर असेल तर तंतू अडकतात. अडकले. म्हणजे नवी दोरीही ती कडी रोज थोडी थोडी कापत होती.

तर वीस एप्रिलला, नाटकाचं तिकीट नवऱ्याच्या बहिणीला देऊन, मी संगणकासमोर बसले आणि या वेळी काय पाहायचं ते माहीत होतं. बारा-तेरा बेअरिंग असं ठळक लिहिलेली हजार-बाराशेची रील सोडून दिली. चार बेअरिंगवालं, पण ड्रॅग एकसारखा चालणारं आणि सुटे भाग मिळणारं, नावाजलेल्या कंपनीचं सगळ्यात खालचं मॉडेल घेतलं. १,६९० रुपये. काठी फायबर ग्लासची, ८८०. ग्रॅफाइटपेक्षा जड आहे, पण दगडावर आपटली तरी लगेच तडकत नाही. आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. आमच्या तलावावरून एका टोकाला विजेच्या तारा जातात. काठी कुठलीही असो, तारांखाली उभं राहून फेकू नका.

ड्रॅग लावायला रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा वापरला. दोरीच्या पाकिटावर साडेचार किलोचा ताण लिहिला होता, त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे दीड किलोला रीलने दोरी सोडायला हवी. काटा दाराच्या कडीला अडकवून मी ओढत होते आणि सासूबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

मामेदिरांचं "दोनदा घ्याल" खरं ठरलं, हे त्यांना कळवलं. पण हिशेब असा: दोरी, गळ, शिसं-बोये, रील, काठी मिळून बरोबर ३,०००. आधीचा किट धरला तर ४,२९९. बांबूचे ७० वेगळे. वीस रविवारच्या पावत्या, जानेवारी-फेब्रुवारीत दोन काठ्या होत्या ते धरून, १,५००. पेट्रोल धरलेलं नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी बांबू, २६० ची दोरी आणि चांगले गळ घ्यावेत, काठाजवळ दोन महिने बसावं, आणि पहिला मोठा मासा निसटला की मग रीलकडे पाहावं. नर्मदेवरचे महासीरचे व्हिडिओ पाहून सुरुवात करणाऱ्यांचं वेगळं. तो २०११ पासून आपल्या मध्य प्रदेशचा राज्य-मासा, वाहत्या पाण्यातला, ताकदीचा. तिथे मामेदिरांचा संच शोभतो. पण तिथे आधी काय परवानगी लागते ते विचारा, संच नंतर.

मे महिन्यात पाणी इतकं उतरलं की पाणगवताची कड कोरडी पडली आणि माझी जागा गेली. पहाटे साडेपाचला पोचून नऊला निघायचे, त्यानंतर मुरूम तापतो. २५ मेला नव्या रीलवर एक रोहू आला, काट्यावर १ किलो ४०० ग्रॅम. ड्रॅगने तीनदा दोरी सोडली, प्रत्येक वेळी एकसारखी, बारीक करकर आवाज करत. तो मी सोडला. समितीचे एक जण पाहत होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

१५ जूनचा रविवार शेवटचा. १६ जून ते १५ ऑगस्ट राज्यात मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ. नदीशी जोड नसलेल्या छोट्या तळ्यांना सूट आहे म्हणतात, पण आमची समिती पाळते. त्या दिवशी ढग होते, एकही मासा लागला नाही. काका आले नव्हते. पावतीपुस्तकातली माझी पावती शेवटून दुसरी होती.

रील गोड्या पाण्याने पुसून, सांध्यांना एक-एक थेंब तेल देऊन, ड्रॅग सैल करून कपाटात ठेवलंय. आवळून ठेवलं तर आतल्या चकत्या दबतात. दोरी काढून कात्रीने बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकली, अख्खी टाकली तर पक्ष्यांच्या पायात अडकते. १६ ऑगस्टला शनिवार आहे. सचिवांनी सांगितलंय की अर्ज दरवर्षी नवा द्यावा लागतो. फोटो दोन काढून ठेवलेत.